नवे राज्य, जुने दप्तर

धार शहरास राज्यांतराचे नावीन्य उरलेले नाही. परमार गेले, माळव्याचे सुलतान आले. त्यांच्यामागून मोगल आले आणि मोगलांच्या मागून पवार. पवारांचे संस्थान इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली नांदले, १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले, आणि १९५६ च्या नोव्हेंबरात तो मध्यभारतही मध्यप्रदेशात मिळून गेला. राजा बदलला म्हणजे नगरात प्रत्यक्ष काय बदलते, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. बाजार दुसऱ्या दिवशी भरतोच. विहिरीचे पाणी खारट होत नाही. बदलते ते दप्तर. जो कागद काल कोणीही कारकून सहज वाचून दाखवीत असे, तो वाचणारा माणूस एके दिवशी निवृत्त होऊन घरी जातो, आणि कागद मात्र कपाटातच राहतो. पवारांच्या काळचे मोडी कागद ज्यांच्या घरी आहेत अशी मराठी कुटुंबे या गावात आजही आहेत. त्यांतील किती जणांस आपल्याच पणजोबांचे पत्र वाचता येते, हे विचारण्याचे धाडस आम्ही सहसा करीत नाही.

या गोष्टी सांगण्याचे निमित्त मात्र अगदीच घरगुती आहे. गेल्या २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरच्या संगणकावर राज्यांतर घडून आले. 'विंडोज दहा' या प्रणालीचा अंमल उठला आणि तिच्या जागी 'विंडोज अकरा' गादीवर बसली. ज्या वाचकांस या विषयाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाची दिवाणगिरी होय. धनी आपण असतो. परंतु कोणता कागद कोठे ठेवावयाचा, कोणास आत सोडावयाचे, पडद्यावर कोणते अक्षर कसे उमटवावयाचे, हे सारे दिवाण पाहतो. चांगल्या दिवाणाचे अस्तित्व धन्यास जाणवत नाही. ते जाणवते, दिवाण बदलला म्हणजे.

बदलण्याची गरज आमची नव्हती, मुदतीची होती. २०१५ साली आलेल्या त्या जुन्या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपेल, असे कंपनीने पुष्कळ आधी जाहीर केले होते. आधार संपणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. तट उभाच राहतो. फक्त त्यास पडणारी भगदाडे बुजविण्यास गवंडी येईनासा होतो. काही अटींवर वर्षभराची जादा मुदत मिळण्याची सोय होती. तारीख वाढवून घेणे हा तर आमचा नित्याचा व्यवसाय. तथापि पक्षकाराच्या कामी जी युक्ती शोभते ती स्वतःच्या घरी शोभत नाही, असे मनाशी म्हणून आम्ही मुदतवाढीचा अर्ज केला नाही.

नव्या राज्यात प्रवेशासाठी पात्रतेच्या अटी होत्या, आणि त्या कडक होत्या. संगणकाचा प्रोसेसर ठरावीक पिढीच्या पुढचा हवा. शिवाय 'टीपीएम' नावाची, कुलपे-किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची व्यवस्था त्यात हवी, आणि तीही दुसऱ्या आवृत्तीची. आमचे यंत्र २०१९ चे, म्हणून ते परीक्षेस उतरले. कुलपांची ती व्यवस्था त्यात होती, परंतु निजलेली होती. तिला जागे करावे लागले. देवासच्या आमच्या चुलतबंधूंचे यंत्र २०१४ चे. ते उत्तम चालते, आवाज करीत नाही, कधी तापत नाही. परंतु नव्या राज्याच्या दृष्टीने ते अपात्र ठरले. निरोगी यंत्र केवळ जन्मसालावरून बाद व्हावे, हे आम्हांस आजही पटलेले नाही. सुरक्षेचे कारण खरे आहे हे मान्य करूनही पटलेले नाही.

बंधूंनी त्यावर देवासचाच तोडगा काढला. वाचकांस ठाऊक असेल की, देवास हे संस्थान एक नसून दोन होते. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंना अठराव्या शतकात तो मुलूख मिळाला आणि त्यांच्या वंशजांनी एकाच गावात दोन दरबार थाटले, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, देवीची टेकडी एक, आणि राजे दोन, दप्तरे दोन. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. या द्विदल कारभाराने तो चक्रावून गेला आणि पुढे १९५३ साली त्याने देवासवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. आमच्या बंधूंनी आपल्या यंत्रात जुनी विंडोज ठेवून तिच्या शेजारी लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून घेतली. आता यंत्र सुरू केले की ते प्रथम विचारते, कोणत्या दरबारी जावयाचे? आंतरजालाचा सारा व्यवहार लिनक्सकडे आणि जुने हिशेब विंडोजकडे. "दादा, आमच्याकडे दोन्ही पाती सुखाने नांदतात," असे ते आम्हांस दूरध्वनीवर सांगतात आणि हसतात. दोन्ही पात्यांस एकमेकींचे कागद वाचता येतात की नाही, असे आम्ही विचारले तेव्हा मात्र ते जरा थांबले.

आता आमच्या घरच्या नव्या राज्याविषयी. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की 'स्टार्ट'चे बटण आपली जागा सोडून मध्यभागी येऊन बसले आहे. १९९५ पासून ते डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात असे. तीस वर्षांत बोटांना वळण पडलेले; ती आपोआप डावीकडे जातात आणि तेथे रिकामी जागा सापडते. हे बटण पुन्हा डावीकडे नेता येते, तशी सोय आहे. परंतु आमच्या मातोश्रींनी ते पाहिल्याबरोबर जे उद्गार काढले ते त्या सोयीने पुसले जाणारे नाहीत. त्या म्हणाल्या, "देव्हाऱ्यातले देव कोणी हलवले रे?" सकाळी पूजा झाली की गोव्यातील आपल्या भावंडांशी चित्रफोनवर बोलणे, हा त्यांचा संगणकाशी असलेला मुख्य संबंध.

खिडक्यांचे कोपरे गोल झाले आहेत. त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. उजव्या कळीने उघडणारी यादी आखूड झाली असून जुनी पूर्ण यादी हवी असल्यास 'आणखी पर्याय' मागावे लागतात. हे म्हणजे शिरस्तेदाराने प्रत्येक वेळी "अर्ज करा" म्हणण्यासारखे झाले. वर्डपॅड हा साधा लेखनिक १९९५ पासून प्रत्येक विंडोजबरोबर येत असे. २०२४ च्या आवृत्तीपासून त्यास रजा देण्यात आली आहे. त्याने कधी डौल मिरविला नाही. आमच्या कितीतरी नोटिशांचे कच्चे मसुदे त्याने लिहून घेतले आहेत. उलट एक सोय आम्हांस मनापासून आवडली. पडद्याचे दोन, तीन वा चार भाग पाडून प्रत्येकात एक कागद नीट बसविता येतो. डावीकडे कैफियत, उजवीकडे निकालपत्र, खाली टिपणे. असे काही जुन्या प्रणालीतही जमत असे; परंतु येथे ते निमूटपणे जमते. वेगही वाढला आहे. मात्र त्याचे श्रेय नव्या राज्यास देण्याची घाई आम्ही करणार नाही, कारण त्याच दिवशी यंत्रातील जुनी फिरती तबकडी काढून तेथे न फिरणारी नवी एसएसडी बसविली होती. पाऊस चांगला झाला की नव्या राजाची कीर्ती वाढते, तशातलाच हा प्रकार.

प्रणाली बसविताना जो करारनामा पडद्यावर येतो तो वाचणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. व्यवसायाचा दोष म्हणा, आम्ही तो वाचला. त्यात कंपनी स्पष्ट सांगते की, हे सॉफ्टवेअर तुम्हांला विकलेले नाही, वापरण्याचा परवाना तेवढा दिला आहे. परवाना म्हणजे काय हे १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाचे बावन्नावे कलम शिकलेल्या कोणासही सांगणे नको. दुसऱ्याच्या जमिनीवर काही करण्याची मुभा. जमिनीत हितसंबंध नाही. गंमत अशी की, २००४ साली आमच्या सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्रप्रदेश राज्य या प्रकरणी ठरविले की, तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी 'माल'च होय. म्हणजे कर देताना आपण माल घेतो आणि घरी आणल्यावर तो परवाना होतो. दोन्ही विधाने आपापल्या कायद्यात बरोबर आहेत, हे आम्ही कोणत्याही पीठापुढे सिद्ध करून दाखवू; परंतु मातोश्रींस समजावून देणे आम्हांस साधले नाही. "मग आपलं काय आहे त्यात?" एवढेच त्यांनी विचारले.

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला. त्याचे उत्तर चार दिवसांनी निराळ्याच वाटेने आले.

तत्पूर्वी एका आनंदाची नोंद केली पाहिजे. हिंदी प्रदेशातील आम्हां मराठी माणसांस यंत्रे हिंदी समजतात आणि त्यांची चूक नाही, कारण गावाचे नाव आणि पिनकोड तसेच सांगतात. नव्या प्रणालीत भाषांच्या यादीत आम्ही मराठी निवडली, थोडा वेळ गेला, यंत्र एकदा बंद होऊन सुरू झाले, आणि पडदा मराठीत बोलू लागला. 'जतन करा', 'रद्द करा' अशी बहुवचनी, आदराची आज्ञार्थी रूपे पाहून बरे वाटले. भाषांतर काही ठिकाणी अवघडलेले आहे. शिवछत्रपतींनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करविला तेव्हा जी अडचण पंडितांपुढे होती, तीच या अनामिक भाषांतरकारांपुढे असली पाहिजे. रुळलेला परका शब्द ठेवावा की न रुळलेला आपला आणावा. त्याच यादीत पुढे कोकणीही आहे. मातोश्री मूळच्या मडगावच्या. त्यांना ती ओळ दाखविली, तेव्हा त्यांनी चष्मा नीट केला आणि ती दोनदा वाचली. १९९२ साली कोकणीचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला, त्या दिवशीची त्यांची मुद्रा आम्हांस आठवली. घरात पाककृतींपुरत्या आणि रागावण्यापुरत्या उरलेल्या भाषेस यंत्राने बसावयास पाट द्यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि आता त्या चार दिवसांनंतरच्या गोष्टीकडे वळतो.

आमचे वडील राज्य सरकारच्या एका कचेरीतून निवृत्त झाल्यावर संगणक शिकले. २००७ पासून पाच वर्षे त्यांनी एक संग्रह टंकलिखित केला. आमची आजी, म्हणजे मातोश्रींच्या मातोश्री, अखेरची काही वर्षे धारला आमच्याकडे होत्या. त्यांच्या तोंडच्या कोकणी व मराठी ओव्या, सणांचे विधी, कोणत्या दिवशी कोणता पदार्थ व त्याचे प्रमाण, मडगावच्या घरातील माणसांची नावे व नाती, असे जे जे म्हणून आजींस आठवत होते ते वडिलांनी आधी वहीत टिपले आणि मग संगणकावर उतरविले. वही पुढे एका पावसाळ्यात कुजली. आजी गेल्या, २०१६ साली वडीलही गेले. उरली ती त्रेचाळीस पानांची एक फाइल. वर्षातून एकदोनदा, नागपंचमीच्या वा चवथीच्या सुमारास, मातोश्री ती उघडून पाहत.

भाऊबीजेच्या दिवशी त्यांनी ती उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची, तिरक्या रेघांची, अर्धविरामांची आणि कंसांची रास पडली होती. एकही देवनागरी अक्षर नव्हते. मातोश्री घाबरल्या की त्यांच्या तोंडी माहेरची भाषा येते. "अक्षरां खंय गेलीं?" असे त्या म्हणाल्या.

अक्षरे कोठे गेली होती हे सांगण्यास थोडे खोलात शिरावे लागेल. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपल्याकडे देवनागरी लिहिण्याची एक युक्ती होती. संगणकास रोमन अक्षरेच साठवू द्यावयाची, आणि त्या अक्षरांच्या चित्रांऐवजी देवनागरी चित्रे असलेला फॉन्ट त्यावर चढवावयाचा. कृतिदेवाच्या घराण्यातील फॉन्टांत 'भारत' हा शब्द साठविला जातो तो एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांच्या रूपाने. फॉन्ट असेल तर डोळ्यांस भारत दिसतो. फॉन्ट नसेल तर ती पाच निरर्थक अक्षरे दिसतात. ही युक्ती हिणविण्यासारखी नव्हे. त्या फॉन्टांवर हिंदी मुलखातील न्यायालये, कचेऱ्या आणि छापखाने वर्षानुवर्षे चालले, आणि आमच्या बाररूममध्ये आजही कित्येकांची बोटे त्यावरच चालतात. वडिलांची फाइल त्याच जातीच्या एका फॉन्टात होती. नव्या तबकडीवर नवी प्रणाली कोरी बसविली गेली. कागदपत्रे उचलून आणली. फॉन्ट हा कागद नव्हे, म्हणून तो मागे राहिला. यात कोणाचा अपराध शोधू म्हटल्यास सापडत नाही. जुना दिवाण एक काम मुकाट्याने करीत होता, आणि तो करीत होता हे त्याच्या जाण्यानेच कळले.

वकिलाच्या डोक्यात येथे एक किडा वळवळल्याशिवाय राहत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाखाली विद्युत् अभिलेख पुराव्यात दाखल करताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात त्या अभिलेखाचे 'हॅश' मूल्य नमूद करावयाचे असते. हॅश म्हणजे फाइलीच्या आशयावरून गणिताने काढलेली तिची मुद्रा. एक टिंब बदलले तरी मुद्रा बदलते. वडिलांच्या फाइलीची मुद्रा राज्यांतरापूर्वी जी होती तीच नंतरही होती. एक टिंबही हलले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने दस्तऐवज अक्षत होता, आणि माझ्या आईस त्यातील एक शब्द वाचता येत नव्हता. मागे वळून पाहिले तर पवारकालीन मोडी कागदाची स्थिती याहून निराळी कोठे आहे? शाई शाबूत, कागद शाबूत, वाचणारा नाही.

आमची कन्या इंदूरास शिकते; सुट्टीसाठी ती घरी होती. तिने आजीचा हात धरून तिला खुर्चीवरून उठविले, "आजी, अक्षरं कुठे गेली नाहीत, कपडे हरवलेत त्यांचे," असे म्हणाली, आणि काढून ठेवलेली जुनी तबकडी जोडून तीतून तो फॉन्ट शोधून काढला. फॉन्ट बसविताच त्रेचाळीस पाने एका क्षणात देवनागरी झाली. मातोश्रींचा जीव खाली पडला. आमचा पडला नाही. पुढच्या राज्यांतराच्या वेळी तबकडी असेल का, फॉन्ट असेल का, आणि कपडे हरवले आहेत एवढे तरी ओळखणारे कोणी असेल का, हे प्रश्न उरलेच. म्हणून सारा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे ज्यात प्रत्येक देवनागरी अक्षरास त्याचा स्वतःचा, जगभर मान्य असलेला क्रमांक आहे अशा व्यवस्थेत, उतरवून घेण्याचे ठरविले.

ही उतरवणी म्हणजे निव्वळ अदलाबदल नव्हे, हे आम्ही प्रथमच पाहिले. जुना फॉन्ट टंकयंत्राच्या वळणाने चाले, आणि टंकयंत्र हाताच्या वळणाने. 'कि' लिहिताना आपण पहिली वेलांटी डावीकडे काढतो, म्हणून टंकतानाही ती आधी आणि 'क' मागाहून. 'धर्म' लिहिताना रफार शेवटी डोक्यावर चढतो, म्हणून साठवणीतही तो 'म'नंतर. युनिकोड हाताकडे पाहत नाही, जिभेकडे पाहतो. जिभेवर 'क्' आधी येतो आणि इकार मागाहून. 'धर्म' म्हणताना 'र्' हा 'म'च्या आधी उच्चारला जातो, म्हणून तेथे तो 'म'च्या आधीच साठविला जातो. परिवर्तन करणाऱ्यास प्रत्येक वेलांटी उचलून योग्य व्यंजनापलीकडे न्यावी लागते, आणि 'भक्ति'सारख्या शब्दात तर 'क्' व 'त' या दोघांना ओलांडून. एकही उडी चुकली की शब्द लंगडतो.

हात आणि जीभ यांचा हा तंटा नवा नाही. परमारकालीन नागरी लेखांत एकाराची मात्रा पुष्कळदा व्यंजनाच्या डोक्यावर नसून त्याच्या डावीकडे उभ्या दांडीच्या रूपाने येते. अभ्यासक तिला पृष्ठमात्रा म्हणतात. ओळखीचे अक्षर असूनही नवखा मनुष्य तेथे अडखळतो. या आमच्या धारच्या भोजशाळेच्या वास्तूत सर्पाच्या वेटोळ्यांत कोरलेली वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय आहेत; तशीच उज्जैनला महाकालाच्या देवळात आणि निमाडात ऊन येथे आहेत. त्या वास्तूविषयीच्या न्यायालयीन वादाशी या लेखाचा संबंध नाही. आमचे लक्ष केवळ त्या अक्षरांकडे. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हे लेख अभ्यासकांपुढे आले. त्याच वास्तूत १९०३ साली मदनकवीच्या 'पारिजातमंजरी' या नाटिकेची शिळा सापडली. नाटिका चार अंकांची. शिळेवर पहिले दोन. उरलेल्या दोन अंकांची शिळा मिळालेली नाही. दगड हे टिकाऊ साधन खरे, परंतु अर्धी फाइल तेथेही गहाळ होते.

त्या दगडी वर्णमालेचे स्मरण आम्हांस आणखी एका कारणाने झाले. विंडोजमध्ये मराठीचा जो कळफलक मिळतो तो भारत सरकारच्या मंडळींनी १९८६ साली आखलेल्या आणि १९९१ च्या भारतीय मानकात घेतलेल्या 'इनस्क्रिप्ट' रचनेवर उभारलेला आहे. आम्ही आजवर त्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. टंकयंत्राचा कळफलक हाच आमचा कळफलक. कन्येने तो उलगडून दाखविला तेव्हा आम्ही चकित झालो. स्वर एका हाताकडे, व्यंजने दुसऱ्या हाताकडे. मधल्या ओळीत क, च, ट, त, प हे अघोष. त्यांच्या नेमके वरच्या ओळीत ग, ज, ड, द, ब हे घोष. आणि शिफ्टची कळ दाबली की त्याच जागी ख, घ, छ, झ असे महाप्राण. 'ल'वर शिफ्ट दाबले की 'ळ'. 'र'वर शिफ्ट दाबले की तो 'ऱ', ज्यातून आचाऱ्यास आणि आचार्यास यांतला भेद कागदावर उमटतो. शिक्षा आणि प्रातिशाख्ये रचणाऱ्या आचार्यांनी केलेली वर्णांची मांडणी प्लास्टिकच्या कळांखाली तशीच्या तशी निजली आहे, आणि आपण मात्र इंग्रजी अक्षरांच्या वाटेने मराठी लिहीत बसतो. बोटांस हे नवे वळण लावण्याचा आमचा उद्योग चालू आहे. वेग सध्या दिवसाला एका परिच्छेदाचा.

परिवर्तनाचे काम यंत्राने काही क्षणांत केले आणि आम्ही ते गेले कित्येक महिने तपासतो आहोत. मातोश्री मूळ फाइल मोठ्याने वाचतात आणि आम्ही नव्या प्रतीत पाहतो. कन्या सुट्टीत आली की आमची जागा घेते. ओव्या वाचताना मातोश्री थांबतात, चाल आठवितात, मग पुढे जातात. पातोळ्यांच्या पिठाचे प्रमाण त्यांच्या मते वडिलांनी चुकीचे टिपले आहे. "आईने असं कधी सांगितलंच नसणार," असे त्या म्हणतात. तेथे काही बदलावयाचे नाही, असा आमचा आग्रह. साक्षीदाराचे म्हणणे जसे असेल तसे नोंदवावे. दुरुस्ती असल्यास समासात. यावर आमचे दोनदा वाजले आहे. अखेर पातोळ्यांखाली मातोश्रींचे प्रमाण निराळे लिहून पुढे त्यांचे नाव घालावे, असा तडजोडीचा हुकूमनामा झाला.

मूळ फाइलीत आम्हांस एक गोष्ट दिसली, जी आजवर कोणाच्या लक्षात आली नव्हती. पहिल्या दहा पानांत 'ळ' कोठेच नाही. देऊळ 'देऊल' आहे, हळद 'हलद' आहे, नारळ 'नारल' आहे. अकराव्या पानापासून ते सारे नीट होते. वडिलांनी हिंदी कचेरीत तीसहून अधिक वर्षे काढली होती. टंकताना 'ळ'ची गरज त्यांना तेथे कधी पडली नसावी. ती कळ त्यांना केव्हातरी दहावे आणि अकरावे पान यांच्या दरम्यान सापडली. मागे जाऊन दुरुस्ती करण्यास बहुधा सवड झाली नाही, किंवा राहून गेले. डोक्यावर टेकणारा 'ऱ' मात्र त्यांना अखेरपर्यंत सापडला नाही. छापलेल्या प्रतीत ती आडवी चंद्रकोर त्यांनी प्रत्येक ठिकाणी निळ्या शाईच्या लेखणीने घातलेली आहे.

पहिल्या दहा पानांतले 'ल' आम्ही एकेक करून पारखून घेतले. बहुतेकांविषयी शंका नाही. दहाव्या पानावरच्या एका ओवीत मात्र 'वेल' असा शब्द आहे. तो वेलच आहे, की आजींनी वेळ म्हटले होते? देवळामागे चढलेली वेल तेथे बसते, आणि देवळाकडे निघण्याची वेळही तेथे तितकीच बसते. मातोश्रींनी ती ओवी दोन्ही परींनी म्हणून पाहिली. दोन्ही ऐकल्यासारख्या वाटतात, असे त्यांचे म्हणणे. नव्या प्रतीत आम्ही तूर्त 'वेल'च ठेवून पुढे कंसात प्रश्नचिन्ह घातले आहे. मडगावास मातोश्रींच्या एक वडील बहीण आहेत, वय सत्त्याऐंशी. त्यांना सकाळी ऐकू बरे येते, असे कळले आहे.